ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०: रीमॅप करण्याआधी ऑइल, इंधन आणि गिअरबॉक्सची तयारी

स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० ही गाडी २०१७ मध्ये भारतात आली, छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात तिची जोडणी झाली, आणि आज त्यांतल्या अनेक गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत. १९८४ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ओल्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित) गिअरबॉक्स एवढी सामग्री मुळातच भरपूर आहे. तरीही या गाडीसाठी ‘स्टेज वन’ मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकात (ईसीयूत) चढवायचे बदललेले सॉफ्टवेअर, मागणाऱ्यांची कमतरता नाही, कारण एकही सुटा भाग न बदलता ताकद तीनशे पीएसच्या आसपास आणि टॉर्क चारशे न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. मॅप चढवायला तास-दीड तास पुरतो. त्याआधीच्या कामाला मात्र दोन-तीन शनिवार-रविवार द्यावे लागतात, आणि वाढलेली ताकद गाडीला पचणार की नाही, हे त्या कामावरच ठरते.

हा लेख त्या कामाचा आहे. क्रम असा ठेवावा: प्रथम गाडीची आजची स्थिती, मग इंजिन ऑइल, मग इंधन, मग गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल, आणि सगळ्यात शेवटी मॅप. हा क्रम उलटा केला, तर मॅपनंतर जो बिघाड समोर येतो तो आधीचा की नवा, हेच कळत नाही, आणि मालक व मॅप चढवणारा ट्यूनर एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

आजची स्थिती नोंदवून ठेवणे

गाडी रॅम्पवर घेऊन खालचे आवरण काढावे आणि इंजिन कोरडे आहे का ते आधी पाहावे. या गाडीतल्या, या पिढीच्या ईए८८८ मालिकेच्या इंजिनात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप एकाच प्लास्टिकच्या आवरणात बसवलेले असतात, आणि तिथून कूलंट झिरपणे हे या इंजिनाचे ठाऊक असलेले दुखणे आहे. वाळलेल्या कूलंटचे गुलाबी-पांढरे डाग दिसले, तर आधी ते काम उरकावे. त्यानंतर टायमिंग कव्हरच्या वरच्या भागात कॅमच्या सोलेनॉइडभोवती ऑइल ओलावले आहे का ते पाहावे.

पुढची तपासणी क्रँककेसमधल्या वाफा इनटेककडे वळवणाऱ्या पीसीव्ही झडपेची. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचे झाकण हलक्या हाताने उचलून पाहावे. ते किंचित ओढ लावते आणि मग सुटते, हे ठीक. झाकण निघतच नाही इतकी ओढ असेल किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. ही झडप तशी स्वस्त असते, पण फाटलेल्या पडद्यामुळे क्रँककेसमध्ये जास्त ओढ निर्माण होऊन क्रँकशाफ्टचे मागचे सील गळू लागते, आणि त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

मग स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूलचे फॉल्ट कोड वाचावेत, ते पुसण्याआधी उतरवून घ्यावेत, आणि डायनोवर (चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये गाडी पूर्ण ताकदीने ओढून लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घ्यावा. लॉगमध्ये पाच गोष्टी हव्यात: प्रत्येक सिलिंडरमागे नॉकिंगमुळे (मिश्रण अवेळी, ठोका देत पेटल्यामुळे) मागे घेतलेले टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, इंजेक्टरना इंधन देणाऱ्या रेलमधला मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला इंधनदाब, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब), इनटेक हवेचे तापमान, आणि लांब पल्ल्याचा फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणकाने इंधनात टक्क्यांनी केलेली दुरुस्ती. हे सारे रस्त्यावर करू नये. रिकामा दिसणारा महामार्ग रिकामा नसतो.

कंपनीच्या मॅपवरच एखादा सिलिंडर सतत चार-पाच अंश टायमिंग मागे घेत असेल, तर तो प्रश्न सुटेपर्यंत पुढे जाऊ नये. बहुधा जुने स्पार्क प्लग, थकलेली कॉइल किंवा इनटेक व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन यांपैकी काही तरी सापडते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते तिथे व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवरून ते वाहतच नाही, त्यामुळे तिथला कार्बन धुतला जात नाही, आणि टाकीत ओतायच्या कोणत्याही क्लीनरने तो निघत नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करणे, हाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

इंजिन ऑइल

या इंजिनाला भारतात फोक्सवागेन ५०२ ०० या मानकाचे, साधारणपणे ५डब्ल्यू-४० श्रेणीचे ऑइल चालते. डब्यावर ‘मानकाला योग्य’ असे मोघम लिहिलेले असणे आणि त्या मानकाची मान्यता असणे यांत फरक आहे, तेव्हा मान्यता असलेलेच ऑइल घ्यावे. या मानकात एक अट महत्त्वाची आहे: १५० अंश तापमानाला आणि जोरदार घर्षणाखालीही ऑइलची श्यानता किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद राहिली पाहिजे. बेअरिंग आणि टर्बोचा शाफ्ट यांना धातूपासून वेगळे ठेवणारा थर हीच श्यानता टिकवते. म्हणून मायलेजसाठी बनवलेले पातळ ०डब्ल्यू-२० ऑइल या इंजिनात कोणी कितीही आग्रहाने सुचवले, तरी घालू नये.

दुसरी अट ऑइलमधल्या रसायनांची. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी आरपीएमवर, म्हणजे साधारण १५०० ते २५०० च्या दरम्यान, जोराचा भार आला की स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि असा एकच स्फोट पिस्टनची कड तोडू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा धोका वाढतो. मे २०२० पासून आलेल्या, एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी श्रेणीत यासाठी वेगळी चाचणी आहे, म्हणून ५०२ ०० मान्यता आणि एसपी श्रेणी दोन्ही असलेले ऑइल निवडावे. चालवण्याची सवयही तितकीच महत्त्वाची आहे. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या चढावर डीएसजी ‘डी’मध्ये ठेवली, तर ती इंधन वाचवण्यासाठी लवकर वरचा गिअर घेते, आणि अशा वेळी थोडे-थोडे अ‍ॅक्सिलरेटर वाढवत नेले तर इंजिन नेमके या धोक्याच्या पट्ट्यात अडकते. घाटात ‘एस’ मोड किंवा पॅडल वापरून इंजिन २५०० च्या वर ठेवावे. रीमॅप झालेल्या गाडीत हे पथ्य अधिकच पाळायचे, कारण वाढलेल्या टॉर्कचा मोठा वाटा याच खालच्या आरपीएममध्ये मिळतो.

बदलण्याचा कालावधी भारतात १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगितला जातो. मॅप केलेल्या गाडीसाठी माझ्या मते तो निम्मा करावा: ७,५०० किलोमीटर किंवा सहा महिने. शहरातल्या गर्दीत छोट्या फेऱ्या होत असतील तर हे आणखीच खरे, कारण थंड इंजिनात जळायचे राहिलेले पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, आणि इथेनॉल असलेले पेट्रोल त्यात पाण्याचीही भर घालते. डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, आणि काडीला पेट्रोलचा वास आला, तर किलोमीटर न मोजता ऑइल बदलावे.

काम असे करावे. इंजिन कोमट असताना वरच्या बाजूला असलेल्या फिल्टरचे झाकण ३२ मिलिमीटरच्या सॉकेटने दोन-तीन वळसे ढिले करावे, म्हणजे फिल्टरच्या घरातले ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते. मग ड्रेन प्लग काढावा. चेंबर प्लास्टिकचे असेल तर प्लगही प्लास्टिकचा असतो. तो दर वेळी नवा घ्यावा, जुना परत बसवू नये. ऑइल पूर्ण निथळेपर्यंत थांबावे, फिल्टर आणि त्याची ओ-रिंग नवी घालावी, ओ-रिंगला ऑइलचा हात लावावा आणि झाकण २५ न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळावे. एकूण ५.७ लिटर ऑइल लागते. आधी पाच लिटर भरावे, इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे, काही मिनिटे थांबावे आणि डिपस्टिक पाहून उरलेले थोडे-थोडे घालावे. जास्त भरलेले ऑइल क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन फेसाळते आणि पीसीव्हीमार्गे इनटेकमध्ये जाते.

जुना फिल्टर फेकण्याआधी त्याच्या कागदाचा एक पट्टा ब्लेडने कापून काढावा, दोन बोर्डांमध्ये दाबून ऑइल निथळू द्यावे आणि उन्हात धरून पाहावा. अगदी बारीक, राखाडी झाक असलेली धूळ सगळ्याच इंजिनांत थोडी असते. चमकणारे, बोटाला जाणवणारे पत्र्यासारखे कण असतील, तर त्यांच्यावर लोहचुंबक फिरवावे: चिकटले तर लोखंडी भाग झिजतो आहे, न चिकटता पिवळसर चमकले तर टर्बोचे किंवा क्रँकचे बेअरिंग. अशा इंजिनावर मॅप चढवू नये. ज्याला शक्य असेल त्याने ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा, पण फिल्टर कापून पाहणे कोणालाही शक्य आहे, आणि तेवढेसुद्धा फार थोडी गॅरेजेस करतात.

स्टेज वनपुरता वेगळा ऑइल कूलर किंवा कॅच कॅन (क्रँककेसच्या वाफांतले ऑइल अडवणारा डबा) मला आवश्यक वाटत नाही. पीसीव्ही झडप चांगली असेल आणि ऑइल वेळेवर बदलले जात असेल, तर तो खर्च ब्रेक आणि टायरवर करावा. मीटरमध्ये ऑइलचे तापमान दिसते. कूलंट गरम झाल्यावरही ऑइल मागे रेंगाळत असते, तेव्हा ते ८० अंशांवर येईपर्यंत पूर्ण बूस्ट मागू नये. लांबचा घाट संपला की शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवून मगच इंजिन बंद करावे.

इंधन

इंधनाच्या वाटेवर दोन पंप आहेत. टाकीतला विजेवर चालणारा पंप काही बार दाबाने पेट्रोल पुढे पाठवतो, आणि इंजिनवरचा यांत्रिक पंप कॅमशाफ्टच्या जोरावर तोच दाब २०० बारपर्यंत नेतो. जुन्या ईए११३ इंजिनात या दुसऱ्या पंपाचा सपाट टॅपेट झिजून कॅमची पाळी खाल्ली जाण्याचे प्रकार होत असत, आणि तो टॅपेट ठरावीक अंतराने काढून पाहण्याचा सल्ला आजही सगळीकडे फिरत असतो. ईए८८८ मध्ये त्या जागी रोलर आहे, त्यामुळे तो सल्ला इथे लागू नाही.

इथे आपल्या देशातला खरा प्रश्न वीस टक्के इथेनॉलचा आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनी एका भागाला १४.७ भाग हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर हे प्रमाण साधारण १३.५ वर येते. याचा अर्थ असा की, तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टर आणि पंपांना नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन पुरवावे लागते, आणि मॅपने वाढवलेली मागणी त्यावर आणखी वेगळी. म्हणून परदेशात साध्या पेट्रोलवर बसवलेला मॅप जसाच्या तसा इथे आणला, तर वरच्या आरपीएमला पंप अपुरा पडू शकतो. सुरुवातीला घेतलेला लॉग इथे कामी येतो. पूर्ण भाराखाली रेलमधला मिळालेला दाब मागितलेल्या दाबाच्या मागे पडत असेल, तर टाकीतल्या पंपाचा दाब आधी तपासावा, कारण तो थकला की वरचा महागडा पंप दोषी वाटू लागतो. लांब पल्ल्याचा ट्रिम चार-पाच टक्के अधिक दिसणे हे इथेनॉलमुळे समजण्यासारखे आहे; तो दहाच्या पुढे गेला, तर इनटेकमधली गळती, घाणेरडे इंजेक्टर किंवा कमी दाब शोधावा.

इथेनॉलची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, जास्त असतो आणि वाफ होताना ते सिलिंडरमधली उष्णता शोषून घेते, त्यामुळे टर्बो इंजिनाला नॉकिंगविरुद्ध ते मदतच करते. काळजी आहे ती नळ्या, सील आणि उभ्या राहणाऱ्या गाडीची. टाकीच्या झाकणामागची पट्टी वाचून निर्मात्याने किती टक्के इथेनॉलला मान्यता दिली आहे ते पाहावे, आणि वर्षातून एकदा रबरी नळ्या फुगल्या, मऊ पडल्या किंवा चिरल्या आहेत का ते तपासावे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, तेव्हा कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल, तर टाकी पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही.

मॅप कोणत्या ऑक्टेनसाठी आहे ते ट्यूनरकडून लेखी घ्यावे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलच्या पुण्या-मुंबईतल्या मोजक्या पंपांवर मिळते. सातारा सोडून कराड-कोल्हापूरकडे निघाल्यावर ते मिळेलच असे नाही. त्यामुळे रोजची गाडी असेल तर ९५ ऑक्टेनवर बसवलेला, थोडी कमी ताकद देणारा मॅपच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. नॉक सेन्सर टायमिंग मागे घेऊन इंजिन वाचवतो हे खरे, पण दर वेळी त्याच्याच भरवशावर चालणे म्हणजे इंजिन सतत मर्यादेच्या काठावर चालवणे होय.

उच्च दाबाच्या नळीला हात लावण्याआधी दाब उतरवलाच पाहिजे. २०० बारचा फवारा कातडीच्या आत शिरतो. इंजिन थंड असावे, स्कॅनरने किंवा टाकीतल्या पंपाची वीज तोडून इंजिन बंद पडेपर्यंत चालवून दाब काढावा, जोडावर कापड गुंडाळून नट सावकाश सैल करावा, आणि आसपास ठिणगी किंवा आगीचे काहीही नसावे.

डीएसजी गिअरबॉक्स

या गाडीतला डीक्यू२५० गिअरबॉक्स मुळात ३५० न्यूटन-मीटरच्या टॉर्कसाठी ठरवलेला आहे, म्हणजे कंपनीच्या मॅपवरच गाडी त्याच्या मर्यादेला टेकलेली असते. त्याचे दोन्ही क्लच ऑइलमध्ये बुडालेले असल्याने त्यांना थोडी जास्त झेप सहन होते, पण ती ऑइल ताजे असेल तरच. क्लचच्या घर्षणाची सगळी भुकटी त्याच ऑइलमध्ये येते, आणि तेच ऑइल मेकॅट्रॉनिक या गिअर बदलणाऱ्या नियंत्रण भागाच्या बारीक झडपांतून फिरते. ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलण्याची शिफारस आहे; मॅप केलेल्या गाडीत ४०,००० ला बदलावे, आणि सेकंडहँड घेतलेल्या गाडीत मागचे बिल हाती नसेल तर मॅपच्या आधी बदलावेच.

या कामात चूक होते ती पातळी लावण्यात, म्हणून ते सावकाश सांगतो. गिअरबॉक्स थंड असताना सुरुवात करावी आणि गाडी चारही बाजूंनी सपाट उचलावी. पुढची बाजू जॅकवर आणि मागची जमिनीवर असेल तर पातळी चुकणारच. प्रथम वरून बॅटरी आणि हवेच्या फिल्टरचा डबा बाजूला करून गिअरबॉक्सच्या फिल्टरचे झाकण २४ मिलिमीटरच्या सॉकेटने सैल करावे, आतले ऑइल खाली उतरू द्यावे, मग फिल्टर बदलून झाकण २० न्यूटन-मीटरला आवळावे. खालून १४ मिलिमीटरच्या एलन कीने ड्रेन प्लग काढल्यावर थोडेच ऑइल येते, आणि अनेक जण इथेच फसतात. त्याच भोकाच्या आत प्लास्टिकची एक उभी नळी असते. ती ८ मिलिमीटरच्या एलन कीने फिरवून काढली की खरे ऑइल, साधारण पाच लिटर, बाहेर येते. ते निथळल्यावर नळी परत घालावी आणि फक्त ३ न्यूटन-मीटरला, म्हणजे जवळजवळ हातानेच, आवळावी. जोर लावला तर ती तुटते.

भरायचे ऑइलही याच भोकातून, अ‍ॅडॉप्टर लावून, खालून वर जाते. मान्यताप्राप्त ऑइल सव्वापाच ते साडेपाच लिटर भरावे, अ‍ॅडॉप्टर तसाच ठेवून इंजिन सुरू करावे, ब्रेक दाबून धरून लिव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद ठेवत फिरवावा आणि परत ‘पी’मध्ये आणावा. आता स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या ऑइलचे तापमान पाहत राहावे. ते ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान आले की, इंजिन चालू असतानाच, अ‍ॅडॉप्टर काढावा. उभ्या नळीच्या वर असलेले जादा ऑइल धारेने येऊ लागते, धार बारीक होते, मग ती तुटून थेंब-थेंब पडू लागते. त्या क्षणी नव्या सीलसह प्लग लावून ४५ न्यूटन-मीटरला आवळावा. काहीच आले नाही, तर ऑइल कमी आहे, आणखी भरून पुन्हा तपासावे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी गॅरेजमधलाच पारा ४५ च्या जवळ असतो, तेव्हा हे काम पहाटेच करावे. नाही तर तापमानाचा टप्पा हातातून निसटतो आणि पातळी कमी लागते.

गिअरबॉक्सचा स्वतंत्र मॅप इंजिनाच्या मॅपबरोबर घ्यावा. त्यात टॉर्कची मर्यादा आणि क्लचवरचा दाब वाढवलेला असतो, आणि तो नसेल तर वाढलेल्या टॉर्कखाली क्लच घसरू शकतो. घसरणे ओळखायची खूण लॉगमध्ये दिसते: गिअर बदललेला नसताना इंजिनाचे आरपीएम क्लचच्या आरपीएमच्या पुढे पळतात. लाँच कंट्रोलचा (उभी गाडी पूर्ण ताकदीने सोडण्याच्या सोयीचा) नाद मात्र वारंवार करू नये.

अ‍ॅक्सल आणि माउंटिंग

दोन्ही अ‍ॅक्सलचे आतले-बाहेरचे रबरी बूट बोटांनी पसरून पाहावेत. भेगेतून ग्रीस दिसले तर जॉइंट वाजण्याची वाट न पाहता बूट बदलावा, कारण पावसाळ्यातली वाळू एका महिन्यात जॉइंट खाते. इंजिन-गिअरबॉक्सला खालून धरणारे पेंड्युलम माउंटिंग सैल झाले असेल तर गाडी सुटताना पुढची चाके उड्या मारतात आणि तो मार अ‍ॅक्सल व गिअरबॉक्सवर बसतो. त्यात कडक पॉलियुरेथेनचा इन्सर्ट घालणे हा कमी खर्चात मिळणारा उत्तम बदल आहे. केबिनमध्ये आयडलला किंचित थरथर वाढते, ती मान्य करावी. या गाडीत खरे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल नाही, एक्सडीएस यंत्रणा आतल्या चाकाचा ब्रेक लावून तेवढे काम भागवते, त्यामुळे घाटात जोरात चालवणाऱ्याने पुढचे पॅड आणि ब्रेक ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलावे.

मॅप आणि त्यानंतर

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. विमा कंपनीपासून मॅप लपवला, तर अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि वॉरंटी उरली असेल तर तीही जाते. हे लक्षात घेऊनच निर्णय करावा, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा प्रस्ताव कोणी दिला तर तो सरळ नाकारावा. स्टेज वनला त्याची गरजच नाही.

मॅप चढवण्याआधी नवे प्लग घालावेत, मूळ ईसीयू फाइलची प्रत स्वतःकडे मागून घ्यावी, आणि चढवल्यावर त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, शक्य तितक्या त्याच तापमानाला पुन्हा लॉग काढावा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर ऑइलची पातळी, ड्रेन प्लग, गिअरबॉक्सचा प्लग आणि इंधनाचे जोड कोरडे आहेत का ते पाहावे, आणि तिसरा लॉग घ्यावा. तिन्ही शेजारी ठेवून वाचावेत. टायमिंग मागे घेण्याचे प्रमाण वाढलेले दिसले किंवा रेलचा दाब मागे पडू लागला, तर कारण सापडेपर्यंत मूळ फाइल परत चढवून गाडी चालवावी.